एका टेबलावरचे तीन कठोर पुरुष

ऑक्टोबर १८४७ ते जून १८४८. जेमतेम नऊ महिने. एवढ्या काळात इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या हॉवर्थ नावाच्या गावातून, एकाच घरातून, चार कादंबऱ्या छापून आल्या. लेखकांची नावं पुरुषी वाटावीत अशी होती : करर बेल, एलिस बेल आणि अ‍ॅक्टन बेल. प्रत्यक्षात त्या तीन बहिणी होत्या. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन ब्रॉन्टी. वडील चर्चमधले पाद्री, आई लहानपणीच गेलेली, दोन मोठ्या बहिणी शाळेतल्या आजारपणानंतर गेलेल्या, आणि एकुलता एक भाऊ दारू आणि अफूच्या आहारी गेलेला.

त्यातल्या तीन कादंबऱ्यांच्या मध्यभागी एकेक अवघड पुरुष आहे. शार्लटच्या ‘जेन एअर’मध्ये रॉचेस्टर, एमिलीच्या ‘वदरिंग हाइट्स’मध्ये हीथक्लिफ आणि अ‍ॅनच्या ‘द टेनन्ट ऑफ वाइल्डफेल हॉल’मध्ये हंटिंग्डन. पहिला कडवट, दुसरा क्रूर, तिसरा बेफिकीर आणि बाटलीत बुडालेला. आज ज्याला आपण ‘टॉक्सिक हीरो’ म्हणतो, त्याचे हे खापरपणजोबा. वाचकाला प्रश्न एकच पडतो : असल्या माणसावर कुणी प्रेम करतं हे पटायचं कसं?

मी दिवसा बँकिंग सॉफ्टवेअरचा कोड लिहिते आणि रात्री, जमेल तशी, एक दीर्घकथा. तिचा नायक कर्जवसुली करणारा एक कोरडाठाक माणूस आहे आणि त्याला प्रेमात पाडायचं आहे. त्या निमित्ताने हे तिन्ही ग्रंथ मी पाठोपाठ वाचले. वाचताना लक्षात आलं, की त्या घरात या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं एकाच सुमारास लिहिली जात होती, आणि लिहिणाऱ्या तिघी एकमेकींची पानं ऐकत होत्या. रात्री वडील झोपायला गेले, की जेवणघरातल्या टेबलाभोवती फेऱ्या मारत त्या आपापलं लिखाण वाचून दाखवायच्या. एलिझाबेथ गॅस्केलने १८५७ साली लिहिलेल्या शार्लटच्या चरित्रात हे येतं. म्हणजे रॉचेस्टर, हीथक्लिफ आणि हंटिंग्डन एकाच टेबलाभोवती वाढले.

लाकडी शिपाई आणि झमोर्ना

सुरुवात खेळण्यांपासून झाली. जून १८२६मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी, म्हणजे मुलासाठी, बारा लाकडी शिपाई आणले. चारही भावंडांनी ते वाटून घेतले, त्यांना नावं दिली, त्यांची राज्यं उभी केली. शार्लटने आपल्या शिपायाचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. पुढे शार्लट आणि ब्रॅनवेलने अँग्रिया नावाचं राज्य रचलं, एमिली आणि अ‍ॅनने गोंडाल नावाचं. त्या गोष्टी तळहातात मावतील अशा चिमुकल्या वह्यांत, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. आजच्या भाषेत सांगायचं तर फॅन-फिक्शन, फक्त मूळ विश्वही स्वतःचंच.

अँग्रियाचा राजा झमोर्ना हा शार्लटचा पहिला कठोर नायक. देखणा, हुशार, निर्दय. बायका त्याच्यासाठी झुरतात, तो एकीकडून दुसरीकडे जातो. कवी बायरनच्या प्रतिमेची त्याच्यावर दाट सावली आहे. शार्लट विशीच्या पुढे गेली तरी झमोर्ना सुटत नव्हता. १८३९च्या सुमाराला तिने अँग्रियाचा निरोप घेणारा एक छोटा मजकूर लिहिला : तिथल्या भडक उन्हातून आता ढगाळ, साध्या प्रदेशात जायला हवं, अशा अर्थाचा.

झमोर्ना पटत नाही. का? त्याच्या प्रेमाला किंमत नाही म्हणून. कुणी झुरून मेलं तर त्याचं काहीच जात नाही. कठोर माणसाची प्रेमकथा लिहिणारे बहुतेक जण इथेच अडकतात. नायक तुसडा असतो, नायिका विनाकारण त्याच्याकडे ओढली जाते, आणि शेवटी तो अचानक हळवा होतो. मधला जिना कुणी बांधलेलाच नसतो.

जिना कसा बांधायचा हे शार्लट बहुधा ब्रुसेल्समध्ये शिकली. १८४२मध्ये ती आणि एमिली तिथल्या एका शाळेत फ्रेंच शिकायला गेल्या. शाळेचे शिक्षक कॉन्स्टँटिन हेगर तापट, टोकदार बोलणारे, पण अफाट वाचलेले. ते विवाहित होते. शार्लट त्यांच्या प्रेमात पडली. हॉवर्थला परतल्यावर तिने त्यांना लिहिलेल्या पत्रांपैकी चार आज उरली आहेत. ती फाडली गेली होती आणि नंतर पुन्हा जोडलेली आहेत. १९१३मध्ये हेगर कुटुंबाने ती ब्रिटिश म्युझियमला दिली. या पत्रांत एक बुद्धिमान बाई उत्तराची भीक मागताना दिसते, आणि भीक मागतोय हे तिला कळत असतं. एकतर्फी प्रेमात दोघांची उंची किती वेगळी असते, हे तिने आतून पाहिलं. ‘जेन एअर’ लिहिताना तिने सगळं लक्ष या उंचीवरच दिलं.

तीस पौंडांची नोकरी

‘जेन एअर’ची प्रेमकथा मला सगळ्यात जास्त पटते ती तिच्यातल्या हिशेबामुळे. शार्लटने प्रत्येक टप्प्यावर कुणाकडे काय आहे हे चोख मांडलं आहे.

जेन अनाथ आहे. लोवुडच्या शाळेत शिकवताना तिला वर्षाला १५ पौंड मिळतात. रॉचेस्टरच्या थॉर्नफील्ड वाड्यात त्याच्या पालित मुलीला शिकवायचे ३०. ती अठरा वर्षांची, तो चाळिशीकडे झुकलेला. तो मालक, ती पगारी. या उंचीवरून प्रेम पटणं कठीण. म्हणून शार्लट पहिल्या भेटीतच त्याला घोड्यावरून पाडते. बर्फावर घोडा घसरतो, त्याचा पाय मुरगळतो, आणि हा गुर्मीतला माणूस एका अनोळखी, किरकोळ मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन पुन्हा घोड्यावर चढतो. तो मालक आहे हे तेव्हा तिला माहीत नाही. त्यामुळे तिने त्याला पाहिलं ते आधी अडचणीतला माणूस म्हणून.

नंतर तो तिला विचारतो, मी देखणा वाटतो का तुला? ती पटकन नाही म्हणते. इथून प्रेमकथा सुरू होते. कठोर माणसाभोवतीचे सगळे घाबरून तरी बोलतात किंवा लाडीगोडीने. जेन दोन्ही करत नाही. तिचं खरं बोलणं ही त्याला मिळालेली पहिली बरोबरीची वागणूक आहे, आणि म्हणून तो तिच्याकडे ओढला जातो हे आपल्याला पटतं. तिच्या सौंदर्याची किंवा सोशिकपणाची मदत शार्लट घेतच नाही.

त्याचा कडवटपणाही हवेतून आलेला नाही. तो धाकटा मुलगा. बापाने सगळी इस्टेट थोरल्याला ठेवली आणि धाकट्यासाठी जमैकातली एक श्रीमंत मुलगी पाहिली, ३० हजार पौंड हुंड्याची. म्हणजे त्याचंही लग्न बाजारात झालं. त्या रागातून तो जगाशी खेळतो, खोटं बोलतो, जेनला जळवण्यासाठी दुसऱ्या मुलीशी लग्न ठरल्याचं नाटक करतो. शार्लट कारण सांगते, पण माफी देत नाही. कठोर पात्र लिहिताना हा फरक फार महत्त्वाचा. दुःखद भूतकाळ हे वागण्याचं स्पष्टीकरण असतं, सूट नसते.

आता खरी गंमत. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर जेनला रेशीम आणि दागिन्यांनी मढवायला निघतो. तिला ते अपमानास्पद वाटतं. ती सांगते, मी तुमच्या मुलीला शिकवत राहीन आणि माझे ३० पौंड कमवत राहीन. त्याचबरोबर ती मदीरा बेटावरच्या आपल्या काकाला पत्र लिहिते, कारण काकाकडून थोडे पैसे मिळाले तर आपण इतक्या परावलंबी राहणार नाही, असं तिला वाटतं. नेमक्या त्याच पत्रामुळे लग्नाची बातमी रॉचेस्टरच्या मेव्हण्यापर्यंत पोचते आणि ऐन लग्नात सगळ्यांसमोर उघड होतं : या माणसाची पहिली बायको जिवंत आहे. वाड्याच्या माळ्यावर कोंडलेली बर्था.

आठवून पाहा, हे लग्न कशामुळे मोडलं? नायिकेने स्वतःच्या नावावर चार पैसे असावेत म्हणून लिहिलेल्या पत्रामुळे. योगायोग आहे खरा, पण त्याची कळ जेनच्या स्वभावात आहे.

पुढे जेन पहाटे घर सोडते. खिशात २० शिलिंग. भीक मागायची वेळ येते. मग काकाचे २० हजार पौंड वारसाने मिळतात आणि ती तिघा भावंडांसह त्याचे चार समान वाटे करते. दरम्यान तिला दुसरं स्थळही येतं : सेंट जॉन नावाचा मिशनरी, ज्याला तिला बायको करून भारतात न्यायचं आहे. त्यासाठी ती हिंदुस्तानी भाषाही शिकते. सेंट जॉन दारू पीत नाही, खोटं बोलत नाही, निर्व्यसनी आणि कर्तव्यकठोर. आपल्याकडच्या कुठल्याही बायोडेटावर तो पहिल्या फेरीत पास झाला असता. पण तो रॉचेस्टरपेक्षा जास्त कठोर आहे, कारण त्याला जेन हवी आहे ती कामासाठी. शार्लटने हे पात्र मुद्दाम ठेवलं असावं. कठोरपणा आरडाओरड्यात नसतो. समोरच्याला माणूस मानता की साधन, यात असतो.

जेन परतते तेव्हा वाडा जळून खाक झालाय. आगीत बर्थाला वाचवायला गेलेला रॉचेस्टर आंधळा झालाय, एक हात गेलाय. आता ती ५ हजार पौंडांची मालकीण आणि त्याला खांद्याचा आधार हवा आहे. पहिल्या भेटीतलं चित्र पुन्हा येतं, या वेळी कायमचं. शार्लटने ही कादंबरी लिहायला घेतली ऑगस्ट १८४६मध्ये, मँचेस्टरला. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेही भूल न देता, आणि ती अंधाऱ्या खोलीत पडलेल्या वडिलांची शुश्रूषा करत होती. सत्ताधारी पुरुष परावलंबी झाला की कसा दिसतो, हे शेजारच्या खोलीत दिसत होतं. वडिलांची दृष्टी परत आली. रॉचेस्टरलाही दोन वर्षांनी एका डोळ्याने दिसू लागतं.

या सगळ्याचा एक काळा कोपरा आहे. हिशेब जुळतो तो बर्था मेल्यामुळे. तिला कादंबरीत स्वतःचं एक वाक्यही नाही. ते बोलणं तिला थेट १९६६मध्ये मिळालं, कॅरिबियन बेटांवर जन्मलेल्या जीन ऱ्हिसच्या ‘वाइड सार्गासो सी’मध्ये. एका कठोर पुरुषाला हळवं करायला दुसऱ्या बाईचा बळी लागला, हे विसरून रॉचेस्टरवर लट्टू होता येत नाही.

कुत्रं टांगणारा नायक

एमिलीला सुधारणा वगैरे मान्यच नाही. डिसेंबर १८४७मध्ये आलेल्या ‘वदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेला मुलगा. घरातला थोरला मुलगा त्याला गडी करून टाकतो. कॅथरीनवर त्याचं प्रेम आहे. पण त्याच्याशी लग्न केलं तर आपली पत खाली जाईल, हे तिचं बोलणं तो चोरून ऐकतो आणि निघून जातो. तो परततो तीन वर्षांनी, पैसेवाला होऊन, सूड घ्यायला.

एमिलीची हुशारी अशी की आपण हीथक्लिफच्या डोक्यात कधीच शिरत नाही. गोष्ट सांगते नेली नावाची मोलकरीण, आणि लिहून घेतो लॉकवुड नावाचा शहरी भाडेकरू. दोघांनाही तो पुरता कळत नाही. त्यामुळे त्याच्या प्रेमाचं समर्थन करायची जबाबदारी लेखिकेवर येत नाही. आपण फक्त खुणा पाहतो.

पण याहून मोठी गोष्ट म्हणजे इझाबेला. ही श्रीमंत घरातली मुलगी हीथक्लिफला कथा-कादंबरीतला नायक समजून त्याच्याबरोबर पळून जाते. निघताना तो तिच्या लाडक्या कुत्रीला फासावर टांगतो, तिच्या डोळ्यांदेखत. तरी तिचा भ्रम सुटत नाही, आणि हीथक्लिफ स्वतःच नंतर तुच्छतेने हे सांगतो. इझाबेला म्हणजे आपणच, वाचक. ‘तो जगाशी वाईट वागतो, पण माझ्याशी नाही वागणार’ असं वाटणारे. एमिलीने आपल्याला कादंबरीत बसवून ठेवलंय आणि शिक्षाही तिथेच दिलीये. चित्रपटांचे हीथक्लिफ पाहणाऱ्यांना इझाबेला सहसा आठवत नाही.

मग एमिलीकडे कठोर माणसाची पटणारी प्रेमकथा नाहीच का? आहे, पण दुसऱ्या पिढीत. हेअरटन हा थोरल्याचा मुलगा. हीथक्लिफने सूड म्हणून त्याला निरक्षर, रांगडा, शिवराळ वाढवलंय. धाकटी कॅथी आधी त्याच्या अडखळत वाचण्याची टर उडवते, तो चिडून पुस्तकं जाळतो. नंतर ती एक पुस्तक कागदात गुंडाळून, त्यावर त्याचं नाव लिहून पाठवते, आणि त्याने ते घेतलं तर वाचायला शिकवीन असा निरोप देते. या प्रेमात वीज कडाडत नाही. एक जण शिकायला तयार होतो आणि दुसरी हसणं थांबवते. दोघांनीही काहीतरी सोडलेलं असतं.

‘लग्न झालं की सुधारेल’

तिसरी कादंबरी आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या बोलणीत वाचून दाखवावी अशी आहे. अ‍ॅन सगळ्यात धाकटी. तिने पाच वर्षं एका श्रीमंत घरी शिक्षिका म्हणून काढली होती. तिच्यामुळे ब्रॅनवेलला तिथे शिकवणी मिळाली आणि १८४५मध्ये तो तिथून हाकलला गेला. मालकिणीशी प्रेमप्रकरण हे त्याचं कारण मानलं जातं. त्यानंतर तो घरी येऊन दारू आणि अफूत बुडाला. वडील रात्री त्याच्या खोलीत झोपायचे, त्याने काही बरंवाईट करू नये म्हणून. सप्टेंबर १८४८मध्ये तो गेला, ३१व्या वर्षी.

‘टेनन्ट’ आली ती त्याच्या तीनच महिने आधी. तिच्यातली हेलन अठरा वर्षांची, बुद्धिमान आणि धार्मिक. आत्या बजावत असूनही ती देखण्या, हसऱ्या हंटिंग्डनशी लग्न करते. तिचं गणित साफ असतं : त्याला वाईट संगत आहे, माझ्या संगतीत तो सुधारेल. आपल्याकडे हेच वाक्य मावश्या, काकवा उच्चारतात. ‘लग्न झालं की सुधारेल.’ मीही ते दोन-तीन स्थळांच्या वेळी ऐकलंय, चहा-पोह्यांच्या बश्या उचलता उचलता, पावसापाण्याबद्दल बोलावं तसं. फरक इतकाच, की हेलनची आत्या तिला अडवत होती.

हंटिंग्डन सुधारत नाही. तो पितो, दुसऱ्याच्या बायकोशी लफडं करतो, चिमुकल्या मुलाला दारू आणि शिव्या शिकवतो. हेलन चित्रं विकून पळून जायचं ठरवते. तो तिची डायरी वाचतो, रंग-ब्रश आगीत टाकतो, किल्ल्या काढून घेतो. शेवटी ती मुलाला घेऊन पळते आणि खोट्या नावाने राहते. खोटं नाव का? कायद्यामुळे. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची, मुलांवर पहिला हक्क बापाचा. घटस्फोटासाठी पार्लमेंटमध्ये स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. बाईला तो मिळणं जवळजवळ अशक्य. न्यायालयातून घटस्फोट मिळायची सोय झाली १८५७मध्ये. बाईला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क मिळाला १८८२च्या कायद्याने. म्हणजे जेनचे ते ५ हजार पौंडही, वेगळी कायदेशीर तजवीज केली नसेल, तर लग्नाच्या दिवशी रॉचेस्टरचे झाले असते!

हे फक्त तिकडचं नाही. नवऱ्याकडे नांदायला जाण्याची सक्ती करणारा दावा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आपल्याकडे आला. त्याच दाव्याखाली १८८४मध्ये मुंबईत दादाजी भिकाजींनी रखमाबाईंना कोर्टात खेचलं. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेलेल्याच नव्हत्या. १८८७मध्ये हायकोर्टाने सांगितलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. यातला उपरोध असा, की या सक्तीसाठी तुरुंगात टाकण्याची शिक्षा इंग्लंडने स्वतःच्या बायकांसाठी १८८४मध्येच रद्द केली होती. अ‍ॅनच्या हेलनला मुंबईतल्या या खटल्यातलं सगळं कळलं असतं.

टेबल रिकामं झालं तेव्हा

डिसेंबर १८४८मध्ये एमिली गेली, मे १८४९मध्ये अ‍ॅन. शार्लट त्या टेबलाभोवती एकटीच फेऱ्या मारायची. १८५०मध्ये बहिणींची पुस्तकं नव्याने काढायची वेळ आली तेव्हा तिने ‘टेनन्ट’बद्दल लिहिलं, की विषयाची निवड पूर्णपणे चुकली होती. प्रकाशकालाही तिने सुचवलं की ही कादंबरी जपून ठेवावी असं वाटत नाही. तिच्या बहिणीच्या नावावर त्याचा परिणाम फार काळ राहिला. तिची बाजू मला कळते. अ‍ॅनने हंटिंग्डनमध्ये जे लिहिलं त्यातलं बरंचसं त्या घराने ब्रॅनवेलच्या खोलीत पाहिलं होतं. ते जगाने वाचावं असं कुठल्या बहिणीला वाटेल?

पण निवड चुकली नव्हती. रॉचेस्टर आणि हीथक्लिफ पोस्टरवर गेले. त्यांचे वंशज आज आपल्या मोबाइलवर, वेब सिरीजमध्ये, ऑनलाइन कादंबऱ्यांत हजारोंनी फिरतात. त्यांच्या प्रेमकथा लिहायला माझी काहीच हरकत नाही, मीही तेच लिहितेय. फक्त तीन प्रश्न मी आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. शार्लटचा : तिच्याकडे स्वतःचं काय आहे, आणि तिला निघून जाता येईल का? एमिलीचा : त्याच्या कठोरपणाची किंमत कोण चुकवतंय, आणि आपण त्याच्याकडे बघतोय की नाही? आणि अ‍ॅनचा, सगळ्यात अवघड : तो सुधारलाच नाही, तर गोष्ट कुणाची?

पहिल्या दोन प्रश्नांनी नायक पटतो. तिसऱ्याने नायिका जिवंत राहते. हेलनला हंटिंग्डनपासून वाचवलं ते तिच्या प्रेमाने नाही, तिच्या रंग-ब्रशने. नव्या घरात ती चित्रं काढून विकते, त्यावर खोट्या नावाची सही करते आणि त्या पैशात मुलाला वाढवते.